या आठवड्याच्या सकाळी: कागदावर नाव कोणाचं?



पऱ्हाटी फुटली की सकाळच्या कार्यक्रमाचे फोन कमी होतात. त्यात रुसण्यासारखं काही नाही. सीतादही झाली, वेचा सुरू झाला, मग बाई डबा बांधून वावराची वाट धरेल की रेडिओपाशी बसेल? म्हणून ज्यांचं ऐकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी आठवडाभराचं बोलणं इथं थोडक्यात देते आहे. गटाच्या बैठकीत एकीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

या आठवड्यात एक गंमत झाली. गंमत म्हणावी की काय, तुम्हीच ठरवा. विषय रोज वेगळा होता: कधी कापूस, कधी जमीन, कधी आजार, कधी कर्ज. पण शेवटी रोजचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबत होता. कष्ट कोणाचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, कागदावर नाव मात्र दुसऱ्याचंच निघतं.

सोमवारी कापसापासून सुरुवात केली. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारनं लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव ठरवला होता. पण हा पूर्ण भाव ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कापला जातो, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर सीसीआयच्या केंद्रावर तो कापूस घेतच नाहीत. आता हिशोब करा. लांब धाग्याच्या कापसात ११ टक्के ओलावा निघाला, म्हणजे तीन टक्के जास्त. क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे गेले. दहा क्विंटलची गाडी असेल तर २,४३३ रुपये नुसत्या पाण्याचे गेले.

हे पाणी येतं कुठून? सकाळच्या दवातून. दव वाळल्यावर वेचावं हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. अडचण अशी की वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. ओला कापूस वजनाला जास्त भरतो, आणि सकाळच्या थंड वेळात हातही भरभर चालतो. मजूर बाईचा फायदा दवात आणि मालकाचा तोटाही दवातच. यावर नुसतं ओरडून उपाय होत नाही. काही ठिकाणी मालक उशिरा वेचा सुरू करतात आणि किलोचा दर थोडा वाढवून देतात. मला हा मार्ग बरा वाटतो, कारण दोघींचंही त्यात भागतं. वेचलेला कापूस ताडपत्रीवर पसरून वाळवावा. कवडी आणि किडका कापूस वेगळा ठेवावा. गाठोडं बांधायला प्लास्टिकची सुतळी किंवा खताच्या पोत्याचे धागे वापरू नयेत. ते तंतू रुईत मिसळले की पुढे सुतात आणि कापडात उतरतात. डोक्याला फडकं बांधायचं तेही याचसाठी, केस कापसात जाऊ नयेत म्हणून. मजुरीनं वेचायला जाणाऱ्या बायांनी आपलं रोजचं वजन आपल्याच वहीत लिहावं. अक्षर येत नसेल तर पाच किलोला एक रेघ ओढा. हप्त्याच्या शेवटी मालकाच्या वहीशी ताडून पाहायला तेवढं पुरतं.

हमीभावानं विकायचं तर ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी लागते. त्यासाठी आधार, सातबारा आणि त्यावर कापसाच्या पिकाची नोंद हवी. पिकाची नोंद म्हणजे ई-पीक पाहणी, जी शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची असते. कापूस मोजून दिला की पैसे नोंदणी ज्याच्या नावाची त्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात. हे सांगून होत नाही तोच सालोडकडच्या एका ताईचा फोन आला. सासरे वारून सहा वर्षं झाली, नवराही गेला, वावर ती आणि तिची जाऊ मिळून वाहतात, पण सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे. कापूस तिनं काढला तर नोंदणी कोणाच्या नावानं करायची?

तिच्या प्रश्नाला एका फोनवर उत्तर देणं शक्य नव्हतं. म्हणून मंगळवारचा ठरलेला स्वयंपाकाचा भाग बाजूला ठेवला आणि पूर्ण वेळ वारस नोंदीवर बोललो. आठवड्यातला सगळ्यात मोठा विषय हाच झाला.

माणूस गेला की त्याची जमीन कायद्यानं त्याच क्षणी वारसांची होते. पण सातबाऱ्याला ते आपोआप कळत नाही. कोणीतरी जाऊन सांगावं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. उशीर झाला तरी अर्ज करता येतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ चे उतारे, रेशनकार्ड आणि सगळ्या वारसांची नावं, वयं व नातं लिहिलेलं शपथपत्र जोडायचं. अर्ज ऑनलाइनही करता येतो. मग वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद होते, त्यावरून फेरफार निघतो, हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. त्यानंतर सातबाऱ्यावर नावं चढतात. दोन पिढ्या गेल्या असतील, जसं त्या ताईच्या घरी, तर आधी सासऱ्यांचे वारस आणि मग नवऱ्याचे वारस, असं पायरीपायरीनं करावं लागतं. दोन्ही मृत्यूचे दाखले लागतात.

अर्ज देताना त्याची एक प्रत सोबत न्या आणि तिच्यावर पोच म्हणून सही, शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी ‘करून टाकतो ताई’ याला पोच म्हणत नाहीत.

मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर राहून जाणं हा काही एकट्या आपल्या गावाचा प्रश्न नाही. त्यासाठीच राज्य सरकारनं ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. ती आधी बुलढाणा जिल्ह्यात झाली आणि २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर गेली. ज्यांची नोंद त्या वेळी झाली नाही त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं अर्ज करावा.

आता वाटा किती? हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे आणि तो बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या मालकीच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. समजा त्याच्या स्वतःच्या मालकीची पाच एकर जमीन आहे आणि मागे बायको, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. पाच जणांना एक-एक एकर. लग्न झालेल्या मुलीचा वाटा लग्नामुळे कमी होत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. महाराष्ट्रानं हा बदल १९९४ मध्ये केला, देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. मुस्लिम कुटुंबांचा वारसा त्यांच्या कायद्यानं चालतो. तिथं लेकरं असतील तर पत्नीचा वाटा आठवा हिस्सा असतो. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, त्यामुळे गोंड भगिनींनी आपल्या प्रकरणात वेगळा सल्ला घ्यावा. तो सल्ला फुकट मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथं मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. वर्ध्याच्या कोर्टात जाऊन नुसतं ‘विधी सेवा कुठं?’ विचारलं तरी कोणीही दाखवेल.

या सगळ्यात एका कागदाला फार जपा. त्याचं नाव हक्कसोडपत्र. भाऊ येतो, साडी-चोळी आणतो, ‘नुसती सही पाहिजे, नोंदीचं काम अडलं आहे’ म्हणतो. नोंदणी कार्यालयात जाऊन त्या कागदावर सही केली की बहिणीचा वाटा संपला. मी असं म्हणत नाही की कोणी हक्क सोडूच नये. माहेर तुटू नये म्हणून सोडणाऱ्या बहिणी आहेत आणि तो त्यांचा निर्णय आहे. पण काय सोडते आहे, किती एकर सोडते आहे, हे वाचून, विचारून मग सही करावी. वारस नोंदीसाठी बहिणीनं हक्क सोडावाच लागतो, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. वारस नोंद सगळ्यांच्या नावानं होते.

आणि नवरा हयात असताना? त्यालाही वाट आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. शेतकऱ्यानं स्वतःहून आपल्या जमिनीत बायकोचं नाव घालायचं, असा तो विचार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाचं नाव त्यामुळे दूरवर गेलं. पुढे १९९२ मध्ये शासनानं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं. एक आजोबा फोनवर म्हणाले, ‘आमच्यात सगळं तिचंच आहे, कागद कशाला?’ सगळं तिचंच असेल तर कागदावर लिहायला हरकत नसावी, असं मी त्यांना म्हटलं. आजोबा हसले. पुढं काय केलं ते अजून कळवलेलं नाही.

बुधवारी सिकलसेल. हा आजार विदर्भाच्या घराघरात आहे आणि तरी त्यावर कुजबुजूनच बोलतात, कारण बोललं की मुलीचं लग्न अडतं. मुळात तो काय आहे ते समजून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. मग बारीक नसांत अडकतात, तिथं रक्त पोचत नाही आणि असह्य दुखतं. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्तही कमी होतं. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळल्याचं नोंदलं गेलं, पण तो फक्त आदिवासींचा आजार नाही. आपल्या भागात अनेक समाजांत आहे. ज्याच्या अंगात हा गुण अर्धाच असतो त्याला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. त्यामुळे मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. यात शाप नाही, पापही नाही.

तो लेकराकडे कसा जातो हे आम्ही बांगड्यांवरून सांगितलं. समजा प्रत्येक माणसाकडे दोन बांगड्या आहेत आणि लेकराला आईनं एक, बापानं एक द्यायची आहे. हिरवी बांगडी म्हणजे निरोगी गुण, लाल म्हणजे सिकलचा. दोन्ही हिरव्या असतील तर माणूस निरोगी. एक हिरवी, एक लाल असेल तर तो वाहक. डॉक्टर त्याला एएस लिहितात. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, आपण वाहक आहोत हेही त्याला माहीत नसतं. दोन्ही लाल असतील तर आजार, म्हणजे एसएस. आता आई-बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारातला एक संभव निरोगी लेकराचा, दोन वाहक लेकराचे आणि एक आजारी लेकराचा. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणून पुढची तीन चांगलीच होतील असं नाही. प्रत्येक वेळी नव्यानं बांगडी उचलायची आहे. दोघांपैकी एकच वाहक असेल तर लेकरांना एसएस होत नाही.

यातून सासूबाईंसाठीचा निरोप आपोआप निघतो. लेकराला दोन लाल बांगड्या मिळाल्या तर एक आईनं दिली आणि एक बापानं. ‘हिच्या माहेरून आलं’ असं म्हणून सुनेला घराबाहेर काढणं विज्ञानात बसत नाही. या वाक्यानंतर जितके फोन आले तितके बाकी कशालाही आले नाहीत, आणि बरेचसे न बोलताच ठेवले गेले.

तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आधी बोटातलं थोडं रक्त घेऊन एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं तर सिकलचा गुण आहे, पण वाहक की आजारी हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावी लागते. म्हणून पहिल्या तपासणीवर थांबू नका. राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आणि तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं आहे. तपासणीचं कार्ड मिळतं. ते लग्नाच्या बोलणीत पत्रिकेच्या शेजारी ठेवावं, असं माझं मत आहे. दोघंही वाहक निघाले तर लग्न करायचंच नाही असं कोणी सक्तीनं सांगू शकत नाही, पण माहिती असली तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच मोठ्या रुग्णालयात गर्भाची तपासणी करता येते. म्हणून दिवस राहिल्याचं लवकर सांगा.

घरात एसएसचं माणूस असेल तर या दिवसांत जास्त जपा. थंडी, अंगमेहनत आणि पाणी कमी पिणं यांनी दुखणं उठतं. पहाटेच्या गारठ्यात त्याला वेचायला नेऊ नका. पाणी भरपूर पाजा. फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवू नका. पण रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मनानं देऊ नका. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, लेकरू अचानक पांढरंफटक पडणं किंवा पोटाची डावी बाजू फुगणं, हातपाय लुळा पडणं यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना. आणखी एक कागद: २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. आजारी व्यक्तीला तपासणीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं.

गुरुवारी गटाच्या पैशांवर बोललो. उमरी मेघेच्या एका गटानं विचारलं, दोन रुपये शेकडा व्याज सगळीकडे सारखंच, मग एका ठिकाणी जास्त का भरावं लागतं? उत्तर आकड्यांतच आहे. वीस हजारांचं कर्ज, दहा हप्ते, महिन्याला दोन टक्के. गटात आपण उरलेल्या मुद्दलावर व्याज घेतो: पहिल्या महिन्यात ४००, मग ३६०, ३२०, असं शेवटी ४०. एकूण व्याज २,२०० रुपये. पण कोणी पहिल्या दिवसाच्या वीस हजारांवरच दहाही महिने व्याज लावलं, तर ४०० गुणिले १०, म्हणजे ४,००० रुपये. दर तोच, फरक १,८०० चा. म्हणून ‘किती टक्के’ एवढंच विचारून थांबू नका. ‘उरलेल्या रकमेवर की मूळ रकमेवर’ हेही विचारा, आणि ‘एकूण किती रुपये परत करायचे’ ते लिहून मागा.

दारात येऊन कर्ज देणाऱ्या कंपन्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेनं ते १ एप्रिल २०२२ पासून लागू केले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेल्या कर्जाला हे लागू आहेत. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. आपल्याला समजेल अशा भाषेतलं कर्जाचं कार्ड द्यावं लागतं, त्यावर व्याज आणि बाकी खर्च लिहिलेले असतात. मुदतीआधी पैसे फेडले तर दंड घेता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ किंवा धमकी तर नाहीच. कर्ज ज्या बाईच्या नावावर, कार्डही तिच्याच ट्रंकेत असावं. इथं मात्र नाव आपलंच असतं, हे लक्षात आलं का? पैसा कोणी वापरला हे त्या कार्डावर लिहिलेलं नसतं. फेडायचं बाईलाच आहे.

शुक्रवारी थोडक्यात साप. वेचणीच्या दिवसांत गवतात, बांधाला, गंजीखाली हात घालताना काठीनं आधी हलवा. चावला तर आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, बाहेरचं करायला नेऊ नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा. सापाला मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. मण्यारचा दंश कित्येकदा दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखून पापण्या मिटायला लागल्या तर थांबू नका. औषध आहे, ते फक्त दवाखान्यात आहे. आणि माणूस गेलाच, तर दुःखात एक गोष्ट कठीण वाटते तरी सांगते: शवविच्छेदन नाकारू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत सातबारा असलेल्या शेतकऱ्याच्या आणि त्याच्या घरातल्या सातबाऱ्यावर नाव नसलेल्या एका व्यक्तीच्या अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५. सर्पदंश त्यात आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत करायचा असतो आणि कागदावर कारण लिहिलेलं नसेल तर तो उभाच राहत नाही. जमीन नसलेल्या मजूर बाईला ही योजना लागू नाही, हे मला खटकतं. साप चावताना सातबारा विचारत नाही.

शनिवारी तुमच्या पत्रांचा दिवस. दोन प्रश्न नेहमीचे होते, एकदाच सविस्तर सांगून टाकते. सिंदी रेल्वेच्या एका गटानं विचारलं, ‘तुम्ही सिंदीचं नाव घेता, मग आम्हाला का ऐकू येत नाही?’ बायांनो, ही सिंदी मेघे, वर्धा शहराला लागून असलेली. तुमची सिंदी सेलू तालुक्यात, नागपूरच्या रस्त्यानं बरीच पुढे. सामुदायिक रेडिओला फक्त शंभर वॅटची परवानगी असते आणि मनोराही जास्तीत जास्त तीस मीटर उंच. सपाट मुलखातही आवाज साधारण दहा-बारा किलोमीटर जातो. एवढ्याशा पट्ट्यातल्या लोकांनी, त्याच लोकांसाठी बोलावं म्हणूनच तो ठेवला आहे. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागानं व्हावेत असा नियम आहे.

दुसरा प्रश्न, ‘तुम्ही बातम्या का देत नाही?’ कारण परवानगी नाही. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच. हवामान, बाजार, परीक्षा, पाणी-वीज बंद असल्याच्या सूचना, असं मात्र देता येतं. हा नियम मला सैल व्हावासा वाटतो, पण आज तो आहे.

खरं तर आपल्याला बोलायला मिळालं हेच पुष्कळ उशिरा मिळालं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. भांडण होतं क्रिकेटच्या सामन्याचं प्रक्षेपण कोण करणार याचं, आणि फळ मिळालं गावांना. तरी २००२ मध्ये रेडिओ फक्त शिक्षणसंस्थांना दिला, आणि सामाजिक संस्थांना २००६ च्या नोव्हेंबरमध्ये. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर २००८ ला, तेलंगणातल्या झहीराबादजवळच्या माचनूरला दलित शेतकरी बायांनी चालवलेला संगम रेडिओ सुरू झाला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आली. परवाना तिथंही संस्थेच्या नावावर असतो, आवाज मात्र बायांचा.

पुढच्या मंगळवारी वारस नोंदीचा राहिलेला भाग घेऊ: अज्ञान मुलांची नावं कशी लावायची आणि हरकत आली तर काय करायचं. आपला सातबारा आणि आठ-अ चा ताजा उतारा काढून ठेवा, नावं मोठ्यानं वाचा, आणि ज्यांची नावं हवी होती पण नाहीत ती एका कागदावर लिहून बैठकीला आणा. त्या ताईनं अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे.